पाखंडाची चौकशी नेमकी कशी चाले ते शिकवा: इतिहास अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांच्या इतिहास अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
आणि मराठीतून युरोपच्या इतिहासाची पुस्तके लिहिणारे लेखक-संपादक,

सप्रेम नमस्कार.

चर्चने पाखंडी ठरवलेल्या लोकांचे मध्ययुगीन युरोपात काय झाले, हा भाग आपल्या पदवीच्या वर्गांत फार तर अर्ध्या तासात उरकतो. पोपने इन्क्विझिशन नेमले, लोकांचा छळ झाला, न बधणाऱ्यांना जाळले, पुढे मार्टिन ल्यूथर आला आणि धर्मसुधारणा झाली. एवढे लिहिले की प्रश्नाचे गुण मिळतात. पण कोणाला, कोणत्या पुराव्यावर, कोणी आणि किती शिक्षा दिली असे विचारले की विद्यार्थी गप्प होतो. ही उत्तरे उपलब्ध आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्समधल्या साध्या शेतकऱ्यांच्या, विणकरांच्या, मेंढपाळांच्या हजारो जबान्या आजही वाचता येतात. त्या वाचल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: या व्यवस्थेचे खरे बळ तिच्या दफ्तरात होते. चिता थोड्यांच्या वाट्याला आली. दफ्तरातली नोंद मात्र गावेच्या गावे पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवत होती. अभ्यासक्रमात नेमके हेच येत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली दुरुस्ती काळाची. १०२२ साली ऑर्लेआँ येथे राजा दुसरा रॉबर्ट याच्या हुकमाने कॅथीड्रलमधले काही विद्वान धर्मगुरू जाळले गेले. पश्चिम युरोपात मध्ययुगात पाखंडासाठी जाळण्याची ही पहिली घटना मानली जाते. पोपच्या नेमणुकीचे चौकशी अधिकारी यायला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात चर्चकडे ठरलेले उत्तरच नव्हते. लिएजचा बिशप वाझो याने शालोंच्या बिशपला लिहिले की येशूने गव्हात उगवलेले निदण कापणीपर्यंत राहू द्यायला सांगितले आहे. अशा लोकांना मंडळीबाहेर काढा, लोकांना तसे जाहीर करा, पण त्यांचा जीव घेऊ नका. वाझो १०४८ मध्ये वारला. तीनच वर्षांनी, १०५१ मध्ये, गोस्लार येथे सम्राट तिसऱ्या हेन्रीसमोर काही जणांना फाशी दिले गेले. कोंबडी मारायला त्यांनी नकार दिला, हे त्यांच्याविरुद्ध धरले गेले. क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याने बाराव्या शतकात म्हटले की श्रद्धा पटवून द्यायची असते, लादायची नसते. हे वाक्य नेहमी उद्धृत होते. त्याच प्रवचनात पुढे तो म्हणतो की त्यांनी इतरांना भ्रमात ओढण्यापेक्षा राजाच्या तलवारीने त्यांना आवर घातलेला बरा. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली नाहीत तर बर्नार्ड समजत नाही, आणि ते शतकही समजत नाही.

त्या काळी काय बिघडत असे, याचे चांगले उदाहरण सोआसोंचे आहे. १११४ च्या सुमारास तिथल्या बिशपने संशयितांना पाण्याचे दिव्य करायला लावले. निकाल लागूनही पुढे काय करावे हे त्याला कळेना, म्हणून तो बोव्हे येथे जमलेल्या बिशपांचा सल्ला घ्यायला गेला. तो परत येण्याआधी जमावाने तुरुंग फोडून कैद्यांना गावाबाहेर जाळले. जुन्या कायद्यात फिर्यादी पुढे आल्याशिवाय खटला उभा राहत नसे आणि खोट्या फिर्यादीला आरोपीचीच शिक्षा भोगावी लागे. त्यामुळे फिर्याद करायला कोणी धजत नसे, आणि बिशपपाशी ना माणसे होती ना पद्धत. पुढची सगळी यंत्रणा ही पोकळी भरण्यासाठी उभी राहिली. विद्यार्थ्याला हे कारण सांगायलाच हवे. नाहीतर तेराव्या शतकात अचानक क्रौर्य उफाळून आले, असा त्याचा समज होतो.

११८४ मध्ये व्हेरोना येथे पोप तिसरा लुशियस आणि सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यांनी मिळून पहिला ठोस हुकूम काढला. पाखंडाची बोलवा असलेल्या प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) बिशपने स्वतः किंवा त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनने वर्षातून एकदा-दोनदा जायचे, दोन-तीन भरवशाच्या माणसांना किंवा गरज पडली तर सगळ्या गावाला शपथेवर विचारायचे, की इथे कोण गुपचूप बैठका घेतो, कोणाची राहणी इतरांहून वेगळी आहे. फिर्यादीची वाट पाहणे संपले. आता अधिकारी स्वतः विचारणार होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली आणि अधिकाऱ्याने स्वतःहून चौकशी करण्याची पद्धत चर्चच्या सर्वच न्यायासाठी घालून दिली. त्याच परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. पाखंडाची चौकशी ही या मोठ्या बदलाचीच एक शाखा आहे. तिला वेगळे काढून शिकवले की ती विकृती वाटते, तिच्या काळाची उपज वाटत नाही.

पोप तिसरा इनोसंट (११९८ ते १२१६) याच्यावर खरे तर एक पूर्ण तासिका हवी. ११९९ मध्ये त्याने पाखंडाला राजद्रोहाच्या पंक्तीला बसवले: मालमत्ता जप्त आणि मुलांचा वारसाहक्कही गेला, मुले स्वतः कितीही श्रद्धाळू असली तरी. दोनच वर्षांनी, १२०१ मध्ये, त्याच पोपने ११८४ च्या हुकमात नाव घेऊन बहिष्कृत केलेल्या लोंबार्दीतल्या हुमिलियाती पंथाला नियम घालून देऊन परत आत घेतले. १२०८ मध्ये लिऑनचा व्यापारी वाल्देस याच्या अनुयायांपैकी उएस्काचा दुरांद आपल्या गटासह परतला. त्यालाही फिरून प्रवचन करायची मुभा मिळाली. त्यानंतर वर्षभरात असिसीचा फ्रान्सिस रोमला आला आणि त्याच्या राहणीला तोंडी मान्यता मिळाली. वाल्देस आणि फ्रान्सिस यांनी जवळपास एकच केले: संपत्ती वाटून टाकली, बायबल लोकभाषेत सांगितले, अनवाणी फिरले. वाल्देसला ११७९ मध्ये गरिबीची परवानगी मिळाली, पण स्थानिक धर्मगुरूने बोलावल्याशिवाय प्रवचन करायचे नाही अशी अट पडली. ती त्याने पाळली नाही आणि ११८४ मध्ये त्याचा पंथ बहिष्कृत झाला. फ्रान्सिसने आज्ञा मानली आणि मरणानंतर दोन वर्षांत तो संत ठरला. आमचे स्पष्ट मत आहे की बाराव्या-तेराव्या शतकांतला पाखंड म्हणजे काय, हे समजवायला या दोन माणसांची तुलना पुरेशी आहे. व्याख्यांची यादी नंतर दिली तरी चालेल.

दक्षिण फ्रान्समधल्या पाखंड्यांविरुद्ध पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाबद्दल थोडक्यात. जानेवारी १२०८ मध्ये पोपचा दूत पिएर द कास्तेलनो मारला गेला. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहर पडले. 'सगळ्यांना मारा, देव आपली माणसे ओळखेल' हे दूत आर्नो आमोरीच्या तोंडचे वाक्य मराठी पुस्तकांत बेधडक येते. ते एका जर्मन मठवासीयाने सुमारे दहा-पंधरा वर्षांनी, ऐकीव म्हणून लिहिलेले आहे. आर्नोने पोपला स्वतः पाठवलेले पत्र मात्र उपलब्ध आहे. वय, लिंग, दर्जा न पाहता जवळपास वीस हजार माणसे कापली, असे तो त्यात कळवतो. आकडा फुगवलेला आहे, यावर इतिहासकारांचे बहुतांशी एकमत आहे. पण पत्र अस्सल आहे आणि त्या ऐकीव वाक्यापेक्षा अधिक बोलके आहे. पुढे मिनेर्व्ह येथे १२१० मध्ये १४० जण जाळले, लाव्होर येथे १२११ मध्ये तीनशेहून अधिक. वीस वर्षांच्या युद्धाने लाँगदॉकची, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या या प्रदेशाची, सत्ता बदलली, जमीन फ्रान्सच्या राजाकडे वळली. ज्या पाखंडी उपदेशकांविरुद्ध हे युद्ध होते, ते घराघरात आश्रय घेणारे 'भले लोक' (पुढे ज्यांना कॅथार म्हटले गेले) मात्र संपले नाहीत. तलवारीने शहर घेता येते, पण कोणी कोणाला रात्री भाकरी दिली हे तिला कळत नाही. १२२९ च्या तुलूज परिषदेने म्हणून प्रत्येक पॅरिशमध्ये एक धर्मगुरू आणि दोन-तीन गावकरी नेमून घरे, तळघरे, माळे तपासायला सांगितले, चौदा वर्षांवरील मुलगे आणि बारा वर्षांवरील मुली यांना दर दोन वर्षांनी शपथ घ्यायला लावली आणि सामान्य माणसाला स्तोत्रसंहिता व प्रार्थनापुस्तके सोडून बायबलचे कोणतेही पुस्तक जवळ बाळगायला मनाई केली.

आता मुख्य भाग, आणि त्यावर आम्ही मुद्दाम रेंगाळणार आहोत. १२३१ ते १२३३ या काळात पोप नववा ग्रेगरी याने एकेका प्रदेशासाठी स्वतंत्र न्यायाधीश नेमायला सुरुवात केली, बहुतेक डॉमिनिकन संघाचे संन्यासी, पुढे असिसीच्या फ्रान्सिसच्या संघाचे म्हणजे फ्रान्सिस्कनही. मध्ययुगात इन्क्विझिशन नावाचे मुख्यालय असलेले एक खाते अस्तित्वात नव्हते. पोपचे नेमणूकपत्र घेतलेले दोन संन्यासी, त्यांचे नोटरी, एक तुरुंगाधिकारी आणि काही निरोपे, एवढाच त्यांचा पसारा. मध्यवर्ती संस्था नंतरच्या: स्पेनची १४७८ च्या पोपच्या आज्ञेने, पोर्तुगालची १५३६ मध्ये, रोमची १५४२ मध्ये.

काम असे चाले. अधिकारी गावी येत आणि सगळ्यांना चर्चमध्ये बोलावून प्रवचन करत. मग कृपेची मुदत जाहीर होई, सहसा पंधरा ते तीस दिवस. त्या मुदतीत जो स्वतःहून येईल, सगळे खरे सांगेल आणि इतरांची नावे देईल, त्याला हलके प्रायश्चित्त, तुरुंग नाही, जप्ती नाही. या मुदतीतच यंत्रणेची सगळी गती आहे. शेजारी आधी जाऊन काय सांगेल हे कोणालाच माहीत नसे, म्हणून गप्प राहण्याचा धोका रोज वाढत जाई. १२४२ च्या मे महिन्यात आव्हिन्योने गावी मुक्कामाला असलेले दोन अधिकारी आणि त्यांचे सोबती कुऱ्हाडींनी मारले गेले, त्यांची दफ्तरेही गेली. त्याचा परिणाम पद्धतीवर झाला: १२४५ मध्ये बेर्नार द को आणि जाँ द सँ-प्येर यांनी गावोगाव फिरण्याऐवजी गावांनाच तुलूजला बोलावले. मे १२४५ ते ऑगस्ट १२४६ या काळात साँ सेर्नँ चर्चच्या आवारात साडेपाच हजारांच्या आसपास माणसांच्या जबान्या झाल्या. मूळ दहा खंडांपैकी दोनच खंडांची तेराव्या शतकातली नक्कल आज उरली आहे. तुलूजच्या ग्रंथालयातले हस्तलिखित क्रमांक ६०९ ते हेच.

प्रश्न ठरलेले असत. भल्या लोकांना कधी पाहिलेस? कुठे, कोणाच्या घरी, तेव्हा आणखी कोण होते? त्यांच्यापुढे तीनदा वाकून आशीर्वाद मागितलास का? त्यांनी आशीर्वाद दिलेली भाकरी खाल्लीस का? त्यांना वाट दाखवलीस, निरोप पोचवलेस, काही दिलेस? किती वर्षांपूर्वी? जवळजवळ सगळे प्रश्न कृतीबद्दल आणि सोबत कोण होते याबद्दल आहेत. काय मानतोस याबद्दल फार थोडे. कारण उघड आहे: मनातले सिद्ध करता येत नाही, तीनदा वाकणे दोन साक्षीदारांनी सिद्ध होते. माणूस ऑक्सितान भाषेत बोलायचा, नोटरी लॅटिनमध्ये तृतीयपुरुषी उतरवायचा, मग मजकूर पुन्हा लोकभाषेत वाचून दाखवला जायचा. त्यामुळे शेकडो जबान्या एकाच साच्यातल्या दिसतात. कॅथार नावाची बिशप-डीकनांसह सुसंघटित प्रतिमंडळी लाँगदॉकमध्ये खरोखर होती, की विखुरलेल्या गावगाड्यातल्या आदराच्या रीतींना या प्रश्नांनीच पंथाचा आकार दिला, यावर गेली काही दशके इतिहासकारांत मोठा वाद चालू आहे. पुस्तकात ही दुसरी बाजू यायलाच हवी.

जबान्या झाल्या की वर्गवारी होई. १२४२ च्या तारागोना परिषदेने पेन्याफोर्तचा रेमंड या कायदेपंडिताच्या मार्गदर्शनाखाली ती ठरवून दिली: पाखंडी, त्यांच्यावर विश्वास ठेवणारा, संशयित, न सांगणारा, लपवणारा, आश्रय देणारा, बचाव करणारा, साह्य करणारा, आणि शपथ मोडून पाखंडाकडे परत वळलेला. संशयाच्याही तीन पायऱ्या होत्या: साधा, तीव्र, अतितीव्र. प्रत्येक पायरीला वेगळे प्रायश्चित्त. साक्षीदारांची नावे आरोपीला सांगत नसत. त्याने फक्त आपल्या जिवावर उठलेल्या वैऱ्यांची यादी द्यायची. साक्षीदार त्या यादीत निघाला तर त्याची साक्ष बाद होई. वकिलावर कायद्याने सरसकट बंदी नव्हती, पण पाखंड्याची बाजू मांडणारा स्वतःच साह्य करणारा ठरण्याची भीती असल्याने कोणी उभे राहत नसे. मे १२५२ मध्ये पोप चौथा इनोसंट याने इटलीतल्या नगरसत्तांना छळाची परवानगी दिली. अवयव निकामी होऊ नये आणि जीव जाऊ नये ही मर्यादा घातली. १२५६ पासून अधिकारी एकमेकांना छळात भाग घेतल्याच्या दोषातून मुक्त करू शकत, म्हणजे छळाच्या खोलीत त्यांनी स्वतः हजर राहण्याची अडचण संपली. तरीही लाँगदॉकच्या उरलेल्या दफ्तरांत छळाची नोंद क्वचितच सापडते. खरे हत्यार कोठडी होती. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, अर्धपोटी ठेवून कबुलीची वाट पाहिली जाई. या मुद्द्यावर आपली पुस्तके सर्वाधिक चुकतात: चित्र छापतात चाकाचे आणि दोरखंडाचे, आणि तुरुंगाचा उल्लेखही नसतो.

निकालाआधी कायदेपंडित आणि धर्मगुरूंचा सल्ला घेतला जाई. पुष्कळदा त्यांना नावे वगळलेले सारांशच दिले जात. मग एखाद्या रविवारी कॅथीड्रलमध्ये मोठी सभा भरे. सरकारी अधिकारी साह्याची शपथ घेत आणि शिक्षा हलक्यापासून जडपर्यंत क्रमाने वाचल्या जात. यात्रा हे सौम्य प्रायश्चित्त. मोठ्या यात्रा चार: रोम, सांतियागो, कँटरबरी आणि कलोन. त्याच्या वरची पायरी म्हणजे कपड्यांवर लावायचे पिवळे क्रूस. तुलूजचा चौकशी अधिकारी बेर्नार गी याच्या नियमपुस्तकात त्यांचे माप दिले आहे: पिवळ्या नमद्याचे दोन क्रूस, एक छातीवर, एक पाठीवर खांद्यांच्या मध्ये, उभी पट्टी अडीच वीत, आडवी दोन वीत, रुंदी तीन बोटे. फाटले तर नवे लावायचे, घरातही काढायचे नाहीत. असा माणूस गावात कामाला लागत नसे आणि त्याच्या मुलींची लग्ने अडत. तुरुंग दोन प्रकारचा, सैल आणि कडक. कडक म्हणजे अरुंद कोठडी, बेड्या, भाकरी आणि पाणी. सर्वात शेवटी ते, ज्यांना राजसत्तेच्या हवाली करायचे: एक तर मत सोडायला ठाम नकार देणारे, किंवा एकदा शपथ घेऊन परत वळलेले. हवाली करताना जीव आणि अवयव राखण्याची विनंती वाचली जाई. ती खरोखर मानणारा अधिकारी मात्र पाखंड्यांचा पाठीराखा ठरून स्वतः बहिष्कृत होऊ शकत असे. मेलेले सुटत नसत: हाडे उकरून जाळली जात आणि वारसांकडून मालमत्ता काढून घेतली जाई.

आकडे इथेच द्यायला हवेत. १२४५-४६ च्या त्या प्रचंड चौकशीतल्या २०७ शिक्षा माहीत आहेत: २३ तुरुंगवास, १८४ पिवळे क्रूस. बेर्नार गीच्या १३०८ ते १३२३ च्या निकालपुस्तकात सहाशेहून अधिक माणसे आहेत. त्यांपैकी जिवंतपणी जाळण्यासाठी दिलेली चाळीसच्या आसपास, तर तुरुंगात गेलेली सुमारे तीनशे. हे आकडे चर्चच्या बचावासाठी वापरले जातात, तसे ते वापरू नयेत. चिता दुर्मीळ होती म्हणून व्यवस्था सौम्य ठरत नाही. शंभर कुटुंबांचे गाव दोन पिढ्या एकमेकांच्या नोंदींना भिऊन राहिले, त्याचा हिशेब जाळलेल्यांच्या संख्येत मावत नाही. आणि सगळीकडे असा हिशेबही ठेवला गेला नाही. १६ मार्च १२४४ रोजी भल्या लोकांचा आश्रय असलेल्या मोंसेगूर किल्ल्याच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक जण एका दिवशी जाळले गेले, स्वतंत्र खटल्यांशिवाय.

कार्कासोनच्या जप्ती अधिकाऱ्याचा २४ एप्रिल १३२३ चा एक खर्चाचा तपशील आहे. तो जसाच्या तसा पुस्तकात छापावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. चार माणसे जाळण्यासाठी: मोठे लाकूड ५५ सू ६ दनिए, द्राक्षवेलींच्या काटक्या २१ सू ३ दनिए, पेंढा २ सू ६ दनिए, चार खांब १० सू ९ दनिए, बांधायचे दोर ४ सू ७ दनिए, जल्लादाला माणशी २० सू प्रमाणे ८० सू. एकूण ८ लीव्र १४ सू ७ दनिए. (बारा दनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लीव्र, बेरीज विद्यार्थ्यांना करू द्या, बरोबर जुळते.) खर्च राजाच्या तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत जप्त मालमत्ता जमा होई. चर्च आणि राजसत्ता यांची भागीदारी म्हणजे काय, हे या एका कागदावरून कळते.

यंत्रणा कुठे बिघडली, हेही नेमके सांगता येते. जर्मनीत मारबुर्गचा कोनराड १२३१ पासून कबूल हो नाहीतर जळ, एवढ्याच न्यायाने वागला. खोटी कबुली देणारा वाचे आणि खरे बोलणारा मरे. त्याने झाइनचा काउंट हेन्री याच्यावर हात टाकला, तेव्हा माइन्झच्या सभेने काउंटला सोडले आणि परतीच्या वाटेवर ३० जुलै १२३३ रोजी कोनराडचा खून झाला. उत्तर फ्रान्समध्ये रोबेर ल बूग्र याने १२३९ मध्ये माँतेमे येथे १८० च्या आसपास माणसे एकाच वेळी जाळली आणि पुढे तोच कैदेत गेला. पुढची नियमपुस्तके, सल्लामंडळे आणि लेखी नोंदींची सक्ती या असल्या अनुभवांमागोमाग आली.

लिहून ठेवल्याने मात्र दुसराच रोग जडला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची जबानी काढून नातवावर खटला भरता येऊ लागला. कार्कासोनमध्ये नोंदवह्या बनावट असल्याची तक्रार थेट राजा चौथ्या फिलिपपर्यंत गेली. १३०३ मध्ये फ्रान्सिस्कन बेर्नार देलिस्यो याच्या चिथावणीने तिथला तुरुंग उघडून कैदी हलवले गेले. देलिस्यो स्वतः १३१९ मध्ये जन्मठेपेस गेला. १३१२ च्या व्हिएन परिषदेत पोप पाचवा क्लेमेंट याने सुधारणा केल्या: अधिकारी किमान चाळीस वर्षांचा हवा, छळ, कडक तुरुंग आणि अंतिम निकाल यांना बिशपची संमती हवी. बेर्नार गीने त्याबद्दल तक्रार केली, कामात अडथळा येतो म्हणून. जप्तीने तर खबऱ्यांचा धंदाच उभा केला. आक्स गावचा आर्नो सिक्र याच्या आईला पाखंडी म्हणून जाळले होते आणि घर जप्त झाले होते. ते घर परत मिळवण्यासाठी त्याने पिरेनीज डोंगरांपलीकडे लपलेल्या गियोम बेलिबास्त या भल्या माणसाचा माग काढला, शिष्य बनून त्याच्यासोबत राहिला आणि त्याला फसवून परत आणले. बेलिबास्त १३२१ मध्ये जाळला गेला. लाँगदॉकमधल्या भल्या लोकांपैकी ज्ञात असा तो शेवटचा.

वर्गात वापरायला सर्वात उत्तम साधन म्हणजे पामिएचा बिशप जाक फूर्निए याची १३१८ ते १३२५ ची नोंदवही: ९८ प्रकरणे, ५७८ उलटतपासण्या, ३७० दिवस. हा गृहस्थ १३३४ मध्ये बारावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला, म्हणूनच ही वही व्हॅटिकनमध्ये टिकली. तो ठरीव प्रश्नांवर थांबत नाही, माणसाला बोलू देतो. त्यामुळे मोंतायू गावची चूल, मेंढरे, प्रेमप्रकरणे आणि मरणाची भीती सगळे कागदावर उतरले. त्याने पाच जणांना जाळण्यासाठी दिले. त्यांतले चौघे वाल्देसपंथी. येशूने शपथ घेऊ नका म्हटले आहे या श्रद्धेपायी त्यांनी शपथ नाकारली, आणि जिथे खरे बोलण्याची शपथ हीच पहिली पायरी आहे तिथे तो नकारच कबुली ठरला.

याच वहीत बारुख नावाच्या ज्यू विद्वानाचे १३२० चे प्रकरण आहे. तुलूजमध्ये जमावाने 'बाप्तिस्मा घे नाहीतर मर' असे म्हणून त्याला बाप्तिस्मा घ्यायला लावला. पुढे तो आपल्या धर्माने राहू लागला म्हणून फूर्निएपुढे आणला गेला. तिसऱ्या इनोसंटने १२०१ मध्ये ठरवले होते की मरणाच्या धाकाने का होईना, ज्याने तोंडाने नकार दिला नाही त्याचा बाप्तिस्मा खरा. त्या आधारे बारुख ख्रिस्ती ठरला, आणि ख्रिस्ती ठरल्यामुळेच चौकशीच्या कक्षेत आला. गोव्याचा संबंध इथे येतो, आणि तो खरा संबंध आहे. १५६० ते १८१२ (मध्ये १७७४ ते १७७८ खंड) चाललेले गोव्याचे इन्क्विझिशन पोर्तुगालच्या राजसत्तेशी बांधलेली, लिस्बनच्या प्रमुखाच्या हाताखालची, वेगळ्या काळातली संस्था होती. तुलूजच्या दोन संन्याशांशी तिची सरमिसळ करू नये. पण बाप्तिस्मा झाला की अधिकार सुरू होतो हे तत्त्व, साक्षीदारांची लपवलेली नावे, जप्ती, रविवारच्या मोठ्या सभेतून वाढलेला जाहीर शिक्षेचा सोहळा, हे सगळे तिला तेराव्या-चौदाव्या शतकांतून मिळाले. गोव्यातल्या खटल्यांची मूळ कागदपत्रे बहुतांश नष्ट झाली. तिथल्या घरच्या तुळशीवरून, धोतरावरून, लग्नातल्या रीतींवरून पकडलेल्या माणसांना काय विचारले गेले असेल, याचा अंदाज घ्यायचा तर प्रश्नोत्तरांसकट उरलेली तुलूज आणि पामिएची दफ्तरे हाताशी आहेत. मराठी आणि कोंकणी विद्यार्थ्याने ती वाचावीत याला याहून मोठे कारण लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या. या घटकाला किमान सहा तासिका द्याव्यात; त्यांतल्या दोन केवळ मूळ कागद वाचण्यासाठी. हस्तलिखित ६०९ आणि फूर्निएची वही यांतून वीस जबान्या निवडून लॅटिनमधून थेट मराठीत आणाव्यात, टिपांसह. लॅटिन जाणणारे धर्मगुरू आणि प्राध्यापक महाराष्ट्रात व गोव्यात आहेत, त्यांना मानधन देऊन हे काम एका वर्षात होऊ शकते. फूर्निएच्या वहीचे पूर्ण फ्रेंच भाषांतर उपलब्ध असल्याने ताडून पाहायलाही सोय आहे. वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला एक जबानी द्यावी आणि तक्ता करायला लावावा: कोण बोलतो, कोणाची नावे घेतो, ती माणसे मेलेली की जिवंत, घटना किती वर्षांपूर्वीची, जबानीने कोणाचा फायदा होतो. बहुतेक जबान्यांत आधी मेलेल्यांची आणि पळालेल्यांचीच नावे येतात, हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढतात. परीक्षेत 'इन्क्विझिशनवर टीप लिहा' हा प्रश्न बंद करावा आणि त्याऐवजी न पाहिलेली एक छोटी जबानी देऊन तिच्यावर पाच प्रश्न विचारावेत. पुस्तकांतली चित्रे सोळाव्या-सतराव्या शतकांतली असतील तर खाली तसे छापावे. आणि बेझिएच्या त्या ऐकीव वाक्याच्या जागी आर्नो आमोरीचे पत्र घालावे.

अभ्यासक्रम फेररचनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. जबान्यांची निवड, तक्त्याचा नमुना आणि नमुना प्रश्नपत्रिका आम्ही विनामोबदला तयार करून देऊ.

आपले,
मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवणारे काही प्राध्यापक व अभ्यासक